बित्ते नव्हे, बिटं

क्यू-यू-ई-पी-ई-एम अशी पाटी दिसली तर गोव्यात कुणी 'क्वेपेम' वाचत नाही, केपेंच वाचतो. एक्सने सुरू होणाऱ्या शेल्डेंचं 'झेल्डेम' होत नाही आणि शिवोलीच्या स्पेलिंगात नुसता एस असला तरी तोंडात शच येतो. ही स्पेलिंगं पोर्तुगीजांच्या हिशेबाने बसलेली आहेत, इंग्रजांच्या नव्हे, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. पण जर्मनचं पुस्तक उघडलं की तोच माणूस प्रत्येक अक्षर इंग्रजीतून वाचायला लागतो. व्हीचा व, झेडचा झ, जेचा ज, एसचा स. हे चारही बहुतेक वेळा चुकतात.

मराठी किंवा कोंकणी येणाऱ्याने जर्मन उच्चार आपल्याच भाषेतून पकडावेत, इंग्रजीला मध्ये घेऊ नये, असं माझं मत आहे. आपल्याकडे असे काही आवाज आहेत जे इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला सापडतही नाहीत. शिवाय जर्मन स्पेलिंग बोलक्या स्वभावाचं आहे. एकदा नियम कळले की न ऐकलेला शब्दही बहुतेक वेळा बरोबर वाचता येतो. कळंगुटच्या शॅकवर काम करणारा असो, गेस्ट हाऊस चालवणारा असो की जर्मन कंपनीच्या बोटीवर जाणारा तारवटी, पहिले पंधरा दिवस फक्त उच्चारांना द्यावेत.

खाली जर्मन शब्द देवनागरीत लिहिले आहेत. 'ऽ' म्हणजे स्वर लांबवायचा. 'ज़' म्हणजे जीभ न टेकवता काढलेला गुंजणारा ज. 'ख़' म्हणजे घसा खाकरल्यासारखा ख. 'ह्य'बद्दल पुढे येईलच. शब्दाच्या शेवटी अनुस्वार असेल तर तो बोली मराठीतल्या 'केलं', 'घेतलं'सारखा वाचायचा, नाकातून नव्हे.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत कामाचा. जर्मन शब्दाच्या शेवटी ई आला की त्याचा 'ए' होत नाही आणि 'ई'ही होत नाही. होतो तो नेमका 'केलं'मधला शेवटचा स्वर, फक्त थोडा आखूड. म्हणून डान्कं (धन्यवाद), बिटं (कृपया), हॉय्टं (आज). शेवटी ई-आर आला तर मात्र तिथे आखूड 'आ' येतो, र जवळजवळ ऐकूच येत नाही. वासा म्हणजे पाणी, फाऽटा म्हणजे वडील. 'बिटं' म्हणजे कृपया आणि 'बिटा' म्हणजे कडू, फरक एवढाच. कोंकणी घरात वाढलेल्यांनी इथे जरा जपावं. 'केलें'तला नाकातला सूर सवयीने 'डान्कें'मध्ये उतरतो.

आता बित्ते. स्पेलिंगमध्ये टी दोनदा आहे, म्हणून मराठी माणूस 'पत्ता', 'कच्चा' म्हणावं तसं जोर देऊन 'बित्ते' म्हणतो. मराठीत जोडाक्षर खरोखर दुप्पट वेळ धरून उच्चारतात. जर्मनमध्ये दोन व्यंजनं ही व्यंजनासाठी नसतातच, आधीचा स्वर आखूड आहे एवढं सांगण्यासाठी असतात. टी एकदाच म्हणायचा. एकच व्यंजन असेल तर आधीचा ठसक्याचा स्वर बहुधा लांब. एका एफचा 'ओऽफन' म्हणजे भट्टी, दोन एफचा 'ऑफन' म्हणजे उघडं. लांब ओ गोल आणि घट्ट असतो, आखूड असेल तेव्हा तो 'ऑ'कडे झुकतो. 'आ'च्या बाबतीत आपली अडचण होते, कारण मराठीत ऱ्हस्व आ नाही. श्टाट (शहर) आणि श्टाऽट (राज्य) हे दोन शब्द शेजारी ठेवून म्हणावेत. पहिल्यात 'आ' अर्ध्यावर तोडायचा, दुसऱ्यात 'आई'सारखा ओढायचा.

स्वर लांब करण्याची आणखी एक खूण म्हणजे त्याच्या मागून येणारा एच. तो उच्चारायचा नसतो. मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरात हल्ला होऊन जे जर्मन जहाज बुडालं, त्याचं नाव 'एहरेनफेल्स' असं वाचलं जातं. जर्मन तोंडी ते 'एऽरनफेल्स' आहे. त्यातला एच फक्त ए लांबवायला बसला आहे. 'आय-ई' अशी जोडी आली तर लांब 'ई', 'ई-आय' आली तर 'आय', आणि 'ई-यू' आली तर 'ऑय'. पहिल्या दोन जोड्यांची अदलाबदल ही नवशिक्यांची कायमची चूक. यावर सोपा तोडगा असा की जोडीतल्या दुसऱ्या अक्षराचं इंग्रजी नाव म्हणायचं, 'आय-ई'चा ई, 'ई-आय'चा आय. इंग्रजीचा एवढा उपयोग करून घ्यायला हरकत नाही.

झेडसाठी मराठीत तयार आवाज आहे, चूल, चाक, चमचा यांतला दंत्य च. जर्मन झेड म्हणजे हाच, थोडक्यात 'त्स'. इंग्रजी बोलणाऱ्यांना शब्दाच्या सुरुवातीला हा आवाज काढताना घाम फुटतो, आपल्याला तो आयता मिळतो. मेख एकच आहे. मराठीत इ आणि ए या स्वरांपुढे च बहुतेक वेळा तालव्य होतो (चिंच, चेहरा), म्हणून 'त्साऽन' (दात) नीट येतं, पण 'त्सेऽन' (दहा) म्हणताना 'चेन' होतं आणि 'त्सिमा' (खोली) म्हणताना 'चिमा'. उपाय असा: 'चाक' म्हणायला जीभ लावा, तिथेच थांबा, आणि जीभ न हलवता 'ए' सोडा. दहा वेळा केलं की बसतं.

स्वरापुढचा एस म्हणजे ज़. आपला 'जग'मधला ज सुरू होताना जीभ दातांमागे टेकते. ज़ म्हणताना ती टेकता कामा नये, भुंग्यासारखा नुसता गुंजारव. ज़ी (आपण), ज़ॉनं (सूर्य). नाहीच जमलं तर साधा स म्हणावा. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियात कितीतरी लोक तसंच बोलतात. शब्दाच्या आरंभी एस-पी आणि एस-टी आले तर श्प आणि श्ट, म्हणून समुद्रकिनारा तो श्ट्रान्ट. जे म्हणजे य. व्ही मूळच्या जर्मन शब्दांत फ, पण बाहेरून आलेल्या शब्दांत व: फीआ (चार), फॉन (पासून), पण वीज़ुम, नोवेम्बा. डब्ल्यू नेहमी व. या फ आणि व दोन्हींना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. 'फळ'मधला दोन्ही ओठांचा फ चालत नाही. ट आपल्यासारखा टाळूवर मागे नेऊ नये. जीभ वरच्या हिरडीवर ठेवावी आणि सुरुवातीला थोडा श्वास सोडावा. 'टेऽ' (चहा) हा टे आणि ठे यांच्या मधोमध बसतो.

शब्दाच्या शेवटी ब, ड, ग आले तर ते प, ट, क होतात. टाऽग लिहिलेलं टाऽक वाचायचं, पण अनेकवचनात स्वर पुढे आला की ग परत येतो, टाऽगं. मराठीत 'बाग' शेवटपर्यंत बागच राहते, त्यामुळे ही सवय मुद्दाम लावावी लागते.

सी-एचचे उच्चार दोन. आ, ओ, उ, आउ यांच्यानंतर ख़: नाख़्ट (रात्र), बूऽख़ (पुस्तक). बाकी बहुतेक ठिकाणी 'ह्य': इह्य (मी), मिल्ह्य (दूध). 'ह्याचा'मधला ह्य कुजबुजत म्हटला की हा आवाज जवळपास तयार होतो. अजून नेमका हवा असेल तर 'ई' म्हणत जिभेची जागा पकडा, आवाज बंद करा आणि तिथूनच फुंकर सोडा. बहुतेक जण याचा श करतात. एरवी समजून घेतलं जातं, ऱ्हाइन नदीच्या काठचे बरेच जर्मनही श म्हणतात. पण गोव्यात एक शब्द हमखास लागतो. चर्च म्हणजे 'किर्ह्यं', आणि श केला तर 'किर्शं', म्हणजे चेरी. जुन्या गोव्यातलं बॉम जेझू दाखवायला नेताना 'ही आमची जुनी चेरी' असं होऊन बसतं.

दोन टिंबांचे स्वर, म्हणजे उमलाउट. यूवर दोन टिंबं असली तर जीभ 'ई'च्या जागी आणि ओठ 'ऊ'सारखे. 'ई' लांबवत राहायचं आणि मधेच ओठांचा चंबू करायचा, जीभ जागची हलवायची नाही. ओवर टिंबं असतील तर तसंच 'ए' म्हणत ओठ 'ओ'चे. ए या अक्षरावरची टिंबं सोपी, 'ऍ'च्या जवळ. आरशासमोर करावं, कारण चूक कानाला कळायच्या आधी ओठांवर दिसते. टिंबं ही शोभा नव्हे. गोव्यात मे महिन्यात हवा दमट असते, त्याला जर्मनमध्ये 'श्वूऽल' म्हणतात, यूवर टिंबं. टिंबं काढून साधा ऊ म्हटला की त्याच शब्दाचा अर्थ समलिंगी पुरुष असा होतो. हवामानावर गप्पा मारायला निघालेल्याने हा एक शब्द आधी घोटून ठेवावा.

हवेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. 'मला गरम होतंय' हे इंग्रजीतून 'आय ॲम हॉट' असं नेलं, तर 'इह्य बिन हाय्स' होतं. त्यातून लैंगिक अर्थ निघतो. मराठीतून सरळ न्या: मीआ इस्ट हाय्स. 'मीआ' म्हणजे 'मला'. थंडी वाजते तेही मला, आवडतं तेही मला, वाईट वाटतं तेही मला. चतुर्थीची ही चाल मराठी आणि जर्मनची सारखी आहे, इंग्रजीत ती नाही.

लिंगाचंही तसंच. तो-ती-ते आपल्याकडे आहेतच, म्हणून डेआ-डी-डास ऐकून दचकायचं कारण नाही. कुठल्या शब्दाला काय, ते मात्र पाठच करावं लागतं. 'डास मेऽत्ह्यन', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी का, यावर वर्गात बरीच हसाहस होते. कोंकणीत 'तें चेडूं आयलें' म्हणणाऱ्यांनी तरी हसू नये. जर्मनमध्ये कारण सरळ आहे. '-ह्यन' हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की शब्द नेहमी नपुंसकलिंगी होतो.

आता रोजची वाक्यं. गूऽटन मॉर्गन सकाळी, गूऽटन टाऽक दिवसभर, गूऽटन आऽबन्ट संध्याकाळी. गूऽटं नाख़्ट फक्त झोपायला जाताना, रात्री भेटल्यावर नव्हे. उत्तरेकडचा पाहुणा दुपारी चारलाही 'मॉइन' म्हणेल, दक्षिणेकडचा 'ग्र्यूस गॉट', स्विस माणूस 'ग्र्युएत्सी'. अनोळखी प्रौढाला नेहमी ज़ी, म्हणजे आपण. डू, म्हणजे तू, त्याने सुचवल्यावर. कोंकणीत तू सहज ओठांवर येतो, तिथे जर्मनांचा हिशेब मराठीच्या जवळचा आहे. लिहिताना आदराच्या 'ज़ी'चं पहिलं अक्षर मोठं, 'ते लोक' या अर्थाच्या 'ज़ी'चं लहान.

'वास डार्फ एस ज़ाइन?' म्हणजे काय आणू? पाहुणा म्हणेल 'इह्य हेटं गेर्न' आणि पुढे पदार्थाचं नाव. 'चहा घेणार?' याला त्याने नुसतं 'डान्कं' म्हटलं तर तो नाही म्हणतोय, हो म्हणायचं असेल तर 'बिटं' किंवा 'या, गेर्न' म्हणेल. इथे हमखास गोंधळ होतो आणि नको असलेला चहा टेबलावर येतो. बिल मागताना 'त्साऽलन, बिटं'. त्यावर आपण विचारायचं, 'त्सुज़ामन ओऽडा गट्रेन्ट?', म्हणजे एकत्र की वेगवेगळं. आठ जणांचं टेबल असलं तरी आठ बिलं मागणं जर्मनांत अगदी नेहमीचं आहे. तेव्हा कुणी काय घेतलं हे आधीपासून लिहून ठेवलेलं बरं. पैसे देताना 'श्टिम्ट ज़ो' म्हटलं तर सुटे परत करायचे नाहीत. बोटांनी दोन दाखवताना ते अंगठा आणि तर्जनी दाखवतात, कारण मोजणी अंगठ्यापासून सुरू होते. समजलं नाही तर 'वी बिटं?' एवढंच विचारावं. ते 'काय?'पेक्षा बरंच सभ्य वाटतं. 'लांगज़ामा, बिटं' म्हणजे जरा सावकाश.

आकड्यांत मराठी माणूस फायद्यात आहे. 'आइन-उन्ट-त्स्वान्त्सिह्य', म्हणजे एक आणि वीस, एकवीस. इंग्रजीवाले इथे अडखळतात. वेळ सांगताना 'हाल्प ड्राय' म्हणजे अडीच. आपला 'अडीच' हा शब्दही 'अर्धतृतीय'मधून आला आहे, तिसरा अर्धा. 'हाल्प त्स्वाय' म्हणजे दीड. इथवर मजेत जातं, मग 'साडे' आडवं येतं. 'हाल्प ज़ीबन' म्हणजे साडेसात नव्हे, साडेसहा. ते पुढच्या तासाचा अर्धा धरतात, आपण मागच्या तासावर अर्धा चढवतो. मोपा विमानतळाची टॅक्सी ठरवताना ही चूक महागात जाते, म्हणून घड्याळ दाखवून किंवा आकडे लिहून खात्री करावी. लिहिलेले आकडेही नीट बघा. त्यांच्या एकला वर लांब तिरपी रेघ असते आणि तो आपल्याला सातसारखा दिसतो. खरा सात मधून छेदलेला असतो. हजारानंतर टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम, हे आपल्या उलट.

फोनवर आडनाव सांगताना नाईक हे 'एन-ए-आय-के' असं सांगितलं, तर जर्मन कान 'ए' ऐकून ई लिहितो आणि 'आय' ऐकून थांबतो, कारण त्या नावाचं अक्षरच नाही. बरोबर असं: एन-आ-ई-का. जे म्हणजे योट, व्ही म्हणजे फाउ, डब्ल्यू म्हणजे वेऽ, झेड म्हणजे त्सेट, वाय म्हणजे युप्सिलॉन. सावंतांना 'ज़ावान्ट' आणि जोशींना 'योशी' अशी हाक येईल, त्याला तयारी ठेवा. अक्षर पटवून द्यायला २०२२ पासून शहरांची अधिकृत यादी आहे: न्यूर्नबेर्क, आऽखन, इंगलहाइम, क्योल्न झालं की नाईक पूर्ण. वयस्क लोक अजून जुन्या यादीतली नावं वापरतात. त्यात एनसाठी 'नॉर्टपोल' येतो. तिथे आधी 'नाटान' होता, नाझींनी १९३४ मध्ये ज्यूंची नावं काढली तेव्हा तो गेला.

राहिले स्पेलिंगचे बदलते नियम. म्हापशाच्या बाजारात किंवा कुणाच्या माळ्यावर मिळालेलं जुनं जर्मन पुस्तक हातात आलं की हा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार नियम येण्यापूर्वीची पुस्तकं उघडली की 'नांव', 'कांहीं' दिसतात, तसंच हे. १९०१ च्या बर्लिन परिषदेने टीनंतरचा निरुपयोगी एच काढला, ट्यूआ (दार) आणि टाऽल (दरी) हे शब्द हलके झाले. दहा वर्षांनी, १९११ मध्ये, पोर्तुगालनेही पी-एचचा एफ केला. १ जुलै १९९६ ला व्हिएन्नात जर्मनभाषक देशांनी नव्या नियमांवर सह्या केल्या, १ ऑगस्ट १९९८ पासून ते शाळांत लागू झाले, भांडणं इतकी झाली की २००६ मध्ये त्यांत दुरुस्ती करावी लागली.

शिकणाऱ्याला त्यातला एकच बदल रोज लागतो. एस-त्सेट नावाचं बीसारखं दिसणारं अक्षर आता फक्त लांब स्वर किंवा जोडस्वरांनंतर येतं: श्ट्राऽसं (रस्ता), फूऽस (पाय), हाय्सन. आखूड स्वरानंतर दोन एस: फ्लुस (नदी), मुस, डास ('की' या अर्थाचा). पूर्वी या तिन्ही शब्दांत एस-त्सेट होतं आणि स्वर लांब की आखूड हे स्पेलिंगवरून कळत नव्हतं. या बाबतीत सुधारणावाल्यांच्या बाजूने माझं मत जातं. पुस्तक जुनं की नवं हे ओळखायलाही हाच 'डास' शोधावा. एस-त्सेटने लिहिला असेल तर पुस्तक जुन्या नियमांचं, त्यातली वाक्यं वापरा, स्पेलिंग उचलू नका. जहाजवाहतुकीच्या 'शिफफाऽर्ट'मध्ये आता तीन एफ लागोपाठ येतात, तारवट्यांनी ती छपाईची चूक समजू नये. 'आज संध्याकाळी'सारख्या शब्दप्रयोगांत मोठं-लहान अक्षर, जोडून-तोडून लिहिणं यांतही बदल झाले. पण सुरुवातीला त्यात डोकं घालू नये, नाम मोठ्या अक्षराने सुरू करण्याची सवय लागली तरी पुष्कळ.

मेनूकार्ड छापणाऱ्यांसाठी: १९९६ नंतर परके शब्द जर्मन धाटणीने लिहायची मुभा दिली होती, ती लोकांनी फारशी उचलली नाही. केचप आणि मेयोनीज यांची जर्मनाळलेली रूपं २०१७ मध्ये यादीतून गेली. २०२४ मध्ये एच गाळलेले स्पागेटी, योगुर्ट आणि टूऽनफिश (ट्यूना) गेले. म्हणजे तिन्हींत एच ठेवायचा. एस-त्सेट फोनच्या कीबोर्डवर एस दाबून धरला की मिळतं, टिंबांचे स्वरही तसेच. संगणकावर ऑल्ट दाबून ०२२३. काहीच जमलं नाही तर एस-त्सेटऐवजी दोन एस आणि टिंबांऐवजी मागे ई लावावा, टिंबं नुसती गाळू नयेत. स्वित्झर्लंडमध्ये एस-त्सेट वापरतच नाहीत. मोठ्या अक्षरांच्या पाटीवर पूर्वी दोन एसच लिहीत, २०१७ पासून मोठं एस-त्सेटही मान्य आहे. ते वापरलेलं बरं, कारण 'इन माऽसन' म्हणजे बेताने आणि 'इन मासन' म्हणजे ढिगाने, आणि बिअरच्या पाटीवर यांतलं कुठलं लिहायचं होतं ते दोन एसवरून कळत नाही.